काकूंचं उत्तर रेकॉर्ड झालंच नव्हतं

ती फाइल मी आजवर चाळीस-पन्नास वेळा तरी ऐकली असेल. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांची आहे. पुण्यातल्या एका शेअर ब्रोकरच्या ऑफिसमधला डीलर फोनवर बोलतोय, "हां काकू, बोला", मग शांतता, मग "किती टाकू?", परत शांतता, मग "पाचशे ना? मार्केट रेटला विकू?", आणि त्यानंतर चार सेकंद काहीच नाही, मग "ठीके काकू, पंच केलं", म्हणजे ऑर्डर टाकली. काकूंचा एकही शब्द नाही, मागचा पंख्याचा आवाज नाही, श्वाससुद्धा नाही. काकू म्हणत होत्या मी पन्नास विक म्हणाले, डीलर गळ्याची शपथ घेऊन सांगत होता की पाचशेच म्हणाल्या, आणि ज्या चार सेकंदांवर सगळं अडलं होतं त्यातलं काकूंचं बोलणं आमच्या व्हॉइस लॉगरने, म्हणजे कॉल रेकॉर्ड करणाऱ्या मशीनने, घेतलंच नव्हतं.

मी हेच काम करतो. ईपीएबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज), आयपी फोन (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे फोन), व्हॉइस लॉगर बसवायचे आणि नंतर त्यांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, सांभाळायची. परवा बहिणीने विचारलं की ते "हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो" म्हणतात तेव्हा नक्की होतं काय रे, जातं कुठे ते सगळं? तिला फोनवर सांगायला घेतलं आणि बोलता बोलता या फाइलवरच येऊन थांबलो, म्हणून आता सगळं नीट लिहूनच काढतो.

आधी जुनी सिस्टीम, कारण ती कळली की पुढचा घोळ कुठून आला ते कळतं. साध्या लँडलाइनला दोन तारा. क्रोन बॉक्समध्ये, म्हणजे फोनच्या तारा जोडायच्या डब्यात, जिथे लाइन टॅग केलेली असते तिथून आणखी एक जोडी काढायची आणि लॉगरच्या कार्डाला द्यायची, झालं. रिसीव्हर खाली असताना त्या तारांवर साधारण ४८ व्होल्ट असतात, उचलला की व्होल्टेज धपकन खाली येतं, लॉगरला तेवढ्यावरून कळतं की कॉल सुरू झाला, ठेवला की व्होल्टेज परत वर जातं आणि फाइल बंद. यातली मोठी गोष्ट ही की दोघांचा आवाज त्याच जोडीवरून जातो. म्हणजे रेकॉर्ड झालं तर दोघांचं होणार, नाही झालं तर कुणाचंच नाही. एकाचं आलं आणि एकाचं नाही असं व्हायला जागाच नव्हती. पीआरआय लाइन आली तेव्हा पहिल्यांदा हे बदललं, एका लाइनवर ३० कॉल एकदम चालायचे पण जायची जोडी वेगळी आणि यायची जोडी वेगळी, त्यामुळे टॅप दोन्ही जोड्यांवर घालावा लागायचा, आणि घाईत एकच घातला तर अर्धंच बोलणं मिळायचं.

आयपी फोनमध्ये तर दोन आवाज पूर्ण वेगळेच झाले. तुम्ही बोलता तेव्हा फोन तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतो, प्रत्येक मापाला एक बाइट, हे जी ७११ नावाचं १९७२ पासूनचं मानक आहे, आपल्याकडे त्यातला ए-लॉ हा प्रकार वापरतात. मग २० मिलिसेकंदांचं बोलणं, म्हणजे १६० बाइट, एका पॅकेटमध्ये भरायचं आणि पाठवायचं. सेकंदाला ५० पॅकेट. तिकडून येणारी ५० वेगळी. प्रत्येक पॅकेटवर क्रमांक आणि वेळेचा शिक्का असतो, तो बघून लॉगर ती ओळीने लावतो. एखादं वाटेत हरवलं तर ते परत मागता येत नाही, कारण ही पॅकेटं यूडीपी नावाच्या, पोच न घेणाऱ्या पद्धतीने जातात, गेलं ते गेलं, लॉगर तिथे २० मिलिसेकंदांची रिकामी जागा ठेवून पुढे जातो. एखाद-दुसरं हरवलं तर कानाला कळतही नाही. ओळीने दहा-पंधरा हरवली तर मात्र शब्दच जातो.

आता ही पॅकेटं लॉगरपर्यंत येतात कशी? फोन लॉगरशी बोलत नाहीत, ते ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजशी आणि बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या गेटवेशी बोलतात. त्यामुळे स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे येतात त्या डब्याला, सांगावं लागतं की या या पोर्टवरून (तार खोचायच्या खाचेतून) जे काही जाईल-येईल त्याची एक कॉपी त्या लॉगरच्या पोर्टवर टाक. याला पोर्ट मिररिंग म्हणतात, आमच्यात सगळे स्पॅनच म्हणतात. लॉगर नुसता कान लावून बसतो, सिप ही कॉल लावायची-तोडायची फोनची भाषा, तिचा इनव्हाइट दिसला की कॉल आला हे कळतं, त्यात कोणत्या पत्त्यावर आवाज जाणार ते लिहिलेलं असतं, तिथली पॅकेटं उचलायची, बाय दिसलं की फाइल बंद करायची.

तर त्या ऑफिसमध्ये पावसाळ्यात एक स्विच जळला. नेटवर्कवाल्यांनी नवीन आणून लावला, घाई होती, दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मार्केट उघडणार, आणि स्पॅन लिहिताना डीलरच्या फोनचे पोर्ट बरोबर घातले पण पुढे दिशा लिहिली आरएक्स. आरएक्स म्हणजे स्विचला त्या पोर्टवरून जे मिळतं तेवढंच. डीलरच्या फोनमधून स्विचकडे येणारा आवाज म्हणजे डीलरचा. क्लायंटचा आवाज स्विचकडून फोनकडे जातो, तो टीएक्स, त्याची कॉपी निघालीच नाही. एका शब्दाचा फरक. दोन्ही दिशा हव्यात तर बोथ लिहायचं, किंवा बऱ्याच स्विचमध्ये काहीच लिहिलं नाही तरी दोन्ही घेतो. इथे आरएक्स लिहिलं गेलं आणि सतरा दिवस त्या ऑफिसचे सगळे कॉल अर्धे साठत राहिले.

सतरा दिवस कुणाला कळलं कसं नाही, हा प्रश्न ब्रोकर सरांनी मला विचारला आणि माझ्याकडे त्याचं उत्तर होतं पण ते द्यायला जीभ उचलत नव्हती. लॉगरवर हिरवा दिवा होता. रोज सकाळी माझ्याकडे रिपोर्ट यायचा, काल किती कॉल झाले, किती फाइल बनल्या, एकूण किती जीबी, आणि आकडे अगदी नेहमीसारखे. आमचा लॉगर दोन्ही बाजू मिसळून एक वेव फाइल बनवायचा, १६ बिटांची, म्हणजे सेकंदाला १६ हजार बाइट, मिनिटाला ०.९६ एमबी. यात कुणी बोलतंय का गप्प आहे याने काडीचाही फरक पडत नाही. शांततेचं एक मिनिटसुद्धा ०.९६ एमबीच भरतं. फाइल आहे, साइज बरोबर आहे, वेळ बरोबर आहे, म्हणजे रेकॉर्डिंग चालू आहे असं मी धरून चाललो होतो. उघडून ऐकलं कुणीच नव्हतं, मीही नाही.

त्या दिवशी रात्री साडेअकरापर्यंत मी त्यांच्या सर्व्हर रूममध्ये होतो. लॅपटॉप लावून पॅकेट पकडली तर एकाच दिशेची येत होती, सेकंदाला ५०, १०० यायला हवी होती. स्विचचं कॉन्फिगरेशन उघडलं, ती ओळ दिसली, बदलली, माझ्या मोबाइलवरून डीलरच्या एक्स्टेन्शनला फोन लावला आणि वॉचमन काकांना बोलायला सांगितलं, दोघांचे आवाज आले. पाच मिनिटांचं काम. पण मागचे सतरा दिवस परत येणार नव्हते. जी कॉपी स्विचने काढलीच नाही ती कुठल्याच डिस्कवर नसते, लोक मला विचारतात रिकव्हर होईल का, तर डिलीट झालेलं कधी कधी निघतं, न घेतलेलं कुठून निघणार?

पुढे काय झालं तेही सांगतो. सेबीचं मार्च २०१८ चं सर्क्युलर आहे, ब्रोकरने क्लायंटने ऑर्डर दिल्याचा पुरावा ठेवलाच पाहिजे, फोनवर ऑर्डर घेत असाल तर रेकॉर्डिंग सक्तीचं, आणि वाद झाला तर ते दाखवायची जबाबदारी ब्रोकरची. काकूंनी काही सिद्ध करायचं नाही, ब्रोकरने करायचं. ब्रोकर सरांनी फार ताणलं नाही, साडेचारशे शेअर्स स्वतःच्या खर्चाने परत घेऊन काकूंच्या खात्यात टाकले, मधल्या दिवसांत भाव वर गेला होता तो फरक त्यांनी सोसला. मला हे योग्यच वाटतं. ज्याच्याकडे मशीन आहे त्यानेच ते चालू ठेवायचं, सत्तरीच्या बाईने घरी बसून स्वतःचा कॉल रेकॉर्ड करावा अशी अपेक्षा कुणी करू नये. डीलर मात्र अजून म्हणतो की त्या पाचशेच म्हणाल्या होत्या, आणि तो खोटं बोलतोय असं मला एकदाही वाटलं नाही.

कारण फोनवर मराठी आकडे खरंच फसवतात. फोनचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच जातो आणि स, श या अक्षरांची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, ती कापली जाते. समोरासमोर साठ आणि आठ कधी गोंधळणार नाहीत, फोनवर गोंधळतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदुसष्ट आणि अडुसष्ट, विचारूच नका. त्यात जागा वाचवायला फाइल दाबून ठेवली की आणखी बिघडतं. जीएसएम नावाच्या दाबलेल्या प्रकारात ठेवली तर तीच फाइल जवळपास दहापट लहान होते, पण जे थोडंफार स उरलेलं असतं तेही पुसट होतं. त्या ऑफिसचा हिशोब मी कागदावर मांडला होता, बारा डीलर, प्रत्येकाचं दिवसाला सरासरी अडीच तास बोलणं धरलं तर १८०० मिनिटं, म्हणजे रोज सुमारे १.७ जीबी, वर्षाला अडीचशे दिवस मार्केट धरून ४३० जीबीच्या आसपास. दोन्ही बाजू वेगळ्या ठेवल्या तर दुप्पट. जी ७११ जसं आलं तसं ८ बिटांतच ठेवलं तर परत निम्मं. सर्क्युलरप्रमाणे तीन वर्षं ठेवायचं, आणि वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत. म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या ठेवून, काहीही न दाबता, तीन वर्षांचं सगळं मिळून दीड टीबीच्या आतच बसतं. आजच्या डिस्कच्या भावात हे काहीच नाही, त्यामुळे कुणी मला जागा वाचवा म्हटलं की मी आधी हा कागद पुढे ठेवतो.

तेव्हापासून मी फाइल स्टिरिओच घेतो, डाव्या कानात डीलर, उजव्यात क्लायंट. दोघं एकदम बोलले तरी वेगळं ऐकता येतं, आणि मुख्य म्हणजे एक बाजू मेली तर मशीनला कळतं. रात्री एक छोटी स्क्रिप्ट चालते, सॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते प्रत्येक फाइलच्या दोन्ही बाजूंची आवाजाची पातळी काढतं, एक मिनिटाच्या वरच्या कॉलमध्ये कुठलीही बाजू पूर्ण सपाट निघाली की सकाळी सातला मला मेसेज. अ‍ॅस्टरिस्क नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारं टेलिफोन एक्स्चेंज असेल तर स्पॅनची भानगडच नको, एक्स्चेंज स्वतःच त्यातलं मिक्समॉनिटर नावाचं फीचर लावून रेकॉर्ड करतं, आणि त्यात येणारा आणि जाणारा आवाज दोन वेगळ्या फाइलमध्ये घ्यायची सोय आहेच. मोठ्या ठिकाणी सिपरेक नावाची पद्धत वापरतात, त्यात नेटवर्कच्या सीमेवरचं उपकरण स्वतःहून लॉगरला फोन केल्यासारखा कॉल लावतं, दोन्ही आवाज वेगळे पाठवतं आणि सोबत कोण कुणाशी बोलतंय याची माहितीही पाठवतं. आता आवाज एन्क्रिप्ट करून पाठवायची पद्धत वाढतेय, तिथे स्पॅनने नुसती कॉपी काढून उपयोग नसतो, किल्ली नसेल तर खरखर ऐकू येते, त्यामुळे हळूहळू सगळे तिकडेच जाणार.

आवाजाबद्दल एवढं झालं, पण खरं सांगू का, गेल्या काही वर्षांत माझा जास्त वेळ आवाजावर जातच नाही. तो जातो आवाजाच्या शेजारच्या ओळीवर. प्रत्येक कॉलची डेटाबेसमध्ये एक ओळ पडते, सीडीआर, कुणी केला, कुणाला, कधी वाजला, कधी उचलला, कधी ठेवला, कोणती फाइल. ही ओळ चुकली तर फाइल असून नसल्यासारखी. दिवसाला हजार फाइल, तीन वर्षांच्या साडेसात लाख, त्यात नावाशिवाय एक शोधणार कशी? क्लायंट ऑफिसच्या मुख्य नंबरला फोन करतो, रिसेप्शनची मुलगी उचलते, डीलरकडे ट्रान्सफर करते. क्लायंटला वाटतं एक कॉल झाला. सिस्टीममध्ये दोन ओळी, दोन वेगळे युनिक आयडी, आणि दुसऱ्या ओळीत बऱ्याचदा फोन करणाऱ्याचा नंबर म्हणून रिसेप्शनचं एक्स्टेन्शनच दिसतं. मग क्लायंटच्या मोबाइल नंबरने शोधलं की वीस सेकंदांची "थांबा हं, देते" एवढीच फाइल सापडते आणि सगळे म्हणतात ऑर्डरचं रेकॉर्डिंग नाहीये. असतं. लिंक्ड आयडी म्हणून एक रकाना असतो, एका मूळ कॉलपासून फुटलेल्या सगळ्या ओळींना तो सारखा असतो, त्याने शोधलं की पुढचा तुकडा मिळतो. कितीतरी ठिकाणी तो रकाना सर्चच्या स्क्रीनवर दाखवलेलाच नसतो, मी जिथे जातो तिथे आधी तो लावून देतो.

आणि घड्याळ! लॉगरचं घड्याळ, टेलिफोन एक्स्चेंजचं घड्याळ आणि ट्रेडिंग टर्मिनलचं घड्याळ एकच हवं. वाद होतो तेव्हा ऑर्डर १०:४२:१५ ला गेली आणि कॉल १०:५३ ला झाला असं दिसलं तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार की ऑर्डर आधी आणि विचारणा नंतर कशी? प्रत्यक्षात लॉगर अकरा मिनिटं पुढे गेलेला असतो, बाकी काही नाही. एका ठिकाणी तर लॉगर यूटीसी या जागतिक वेळेवर ठेवलेला, सकाळी नऊ वीसचा कॉल पहाटे तीन पन्नासला दिसायचा, आणि तिथला माणूस बिचारा रोज मनातल्या मनात साडेपाच तास मिळवत बसायचा. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं आपोआप जुळवायची सोय, लावायला दहा मिनिटं लागतात हो.

कोर्टाचं म्हणाल तर फोनवरचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालतं का हा प्रश्न आपल्या मुंबईतच फार पूर्वी सुटलाय. १९६४ साली मुंबईच्या कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचं प्रकरण होतं, लाचलुचपतवाल्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरच्या घरी फोनला टेपरेकॉर्डर जोडला, डॉक्टरांनी कॉरोनरला फोन लावला आणि बोलणं टेप झालं. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये ती टेप मान्य केली, अटी घातल्या त्या अशा की बोलणं विषयाशी संबंधित हवं, आवाज ओळखता यायला हवा आणि टेपमध्ये फेरफार झालेला नाही हे पटायला हवं. आज टेप नाही पण अटी त्याच आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइट्सवरून काढलेला एक लांबलचक आकडा, एक बाइट जरी बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो. मी तो कॉल संपल्या संपल्या काढून दुसऱ्या मशीनवर ठेवतो, कारण वाद झाल्यावर सहा महिन्यांनी काढलेल्या हॅशने मधल्या सहा महिन्यांत काय झालं ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या प्रकरणानंतर फार लागून राहिली. काकूंची बोलायची पद्धत कळावी, त्या आकडा कसा सांगतात ते बघावं म्हणून ब्रोकर सरांनी मला आधीच्या महिन्यांतले त्यांचे कॉल काढायला सांगितले. सव्वीस निघाले. दोन्ही बाजूंचे, नीट. त्यात ऑर्डर असायची अर्ध्या मिनिटाची आणि बाकीचं वेगळंच, काकांचं डायलिसिस कुठल्या वारी असतं, सून अमेरिकेहून कधी येणार, कुठला शेअर विकून हॉस्पिटलचं बिल भागवायचं. "अरे तू जेवलास का?" हे प्रत्येक कॉलमध्ये. डीलर काकूंना मुलासारखा. एका कॉलमध्ये त्या रडल्या आणि बाजूला टर्मिनलचा बीप वाजतोय. हे सगळं मी हेडफोन लावून ऐकत होतो, मी त्यांचा कुणीच नाही, त्यांना माझं नावही माहीत नाही. पुराव्याच्या दृष्टीने त्यातून काही निघालं नाही.

म्हणून आता मी प्रत्येक ठिकाणी आधी विचारतो की ऐकायचा अधिकार कुणाकुणाला. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं "पासवर्ड सगळ्यांना माहितीये". ते पहिलं बंद करतो. प्रत्येकाचा वेगळा लॉगिन, कोणी कोणता कॉल कधी ऐकला, कोणी डाउनलोड केला याची नोंद, आणि ती नोंद अ‍ॅडमिनलाही पुसता येऊ नये अशी ठेवतो. मुदत संपली की फाइल आपोआप पुसली जाईल असं लावतो, बॅकअपमधली सुद्धा, कारण लोक सर्व्हरवरची पुसतात आणि कपाटातली जुनी हार्ड डिस्क विसरतात, तीच पुढे भंगारात जाते. जिथे फोनवर कार्डचे आकडे घेतात तिथे सीव्हीव्ही सांगताना रेकॉर्डिंग थांबलंच पाहिजे, कार्ड कंपन्यांचा नियमच आहे की व्यवहार झाल्यावर तो कुठेही साठवायचा नाही, एन्क्रिप्ट करूनसुद्धा नाही. आणि बटणं दाबून आकडे दिले तरी तेच, ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर वाजतात, रेकॉर्डिंगमध्ये ते आले तर कुणीही बसून आकडे परत काढू शकतो.

त्या ऑफिसची एएमसी अजून माझ्याकडेच आहे. सरांनी काढून घेतली असती तरी मी काही म्हणू शकलो नसतो. रोज सकाळी नऊला, मार्केट उघडायच्या आधी, मी घरून तिथल्या एका एक्स्टेन्शनला फोन करतो, आता डीलरच उचलतो, मी आकडे म्हणतो, साठ, आठ, पन्नास, पाचशे, तो तेच परत म्हणतो आणि ठेवतो. मग लॅपटॉपवर ती फाइल उघडून आधी डावा कान ऐकतो, मग उजवा.